फिकट कुर्ता, फळा आणि खांद्याची शिवण

पत्राचा सारांश: ४३ वर्षांच्या एक ताई तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवतात. उंची ५ फूट १ इंच. दोन सिझेरियननंतर पोट सुटलं आहे, छाती आणि दंड भरलेले आहेत, पाय मात्र बारीक. 'गडद रंगात बारीक दिसतं' म्हणून त्या वर्षानुवर्षं काळे, गडद निळे, मरून कुर्ते घालत आल्या. शिक्षकांच्या पेहरावाच्या सूचना आल्यापासून शाळेत फिकट आणि साधेच कपडे चालतात. छातीला बसावा म्हणून त्या डबल एक्सएल कुर्ता घेतात. मग खांदे उतरतात, वाकलं की गळा पुढे झुकतो, फळ्यावर लिहायला हात उचलला की सगळा कुर्ता वर चढतो. ओढणीला दिवसभर तीन पिना असतात. लेक म्हणते, "आई, गाऊन घातल्यासारखा दिसतो." स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला कुर्ता शोभत नाही, साडीच नेसत जा." साडी त्यांना आवडते, पण रोज स्कूटीवरून जायचं असतं. त्या विचारतात: अंग झाकलं जाईल, लठ्ठ दिसणार नाही आणि कुणी बोट ठेवणार नाही असे कपडे कोणते? की कुर्ता सोडूनच देऊ? मग कपाटातल्या डबल एक्सएल कुर्त्यांचं काय करू? सोबत त्यांनी इंचांत मापं पाठवली आहेत: छाती ४३, कंबर ३९, सीट (नितंबांचा घेर) ४२, खांदा साडेचौदा, दंड १५.

ताई,

कुर्ता सोडू नका. खांदा उतरतो, गळा झुकतो, कुर्ता वर चढतो, पिना लावाव्या लागतात, अशा चार तक्रारी तुम्ही लिहिल्या आहेत. चारही एकाच कारणाने होतात. तुमच्या अंगावर तुमच्यापेक्षा मोठ्या हाडाच्या बाईसाठी कापलेला कुर्ता आहे. पोट, दंड, छाती यांच्याकडे या चारपैकी एकाही तक्रारीचा दोष जात नाही.

रेडिमेड कपड्यांत एका मापाचा नमुना बसवतात आणि त्यावरून पुढची मापं वाढवत नेतात. छाती दोन इंचांनी वाढवली की खांदा, गळ्याची रुंदी आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा काप) हेही थोडे थोडे वाढतात. पण छाती भरली म्हणून कुणाच्या खांद्याचं हाड रुंद होत नाही. तुमचा खांदा साडेचौदा इंच आहे. डबल एक्सएलचा खांदा बहुतेक ठिकाणी १६च्या वर असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास इंचभर शिवण दंडावर ओघळणार. त्यात एका दुकानाचा डबल एक्सएल ४४चा तर दुसऱ्याचा ४६चा. भारतीय शरीरांची स्वतःची मापं असावीत म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या संस्थेने 'इंडियासाइझ' नावाचा देशव्यापी मोजणीचा प्रकल्प हाती घेतला, तो याच गोंधळामुळे.

आता गडद रंगाबद्दल. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने सूचना दिल्या, तेव्हापासून तुमच्यासारख्या अनेक शिक्षिकांना हाच प्रश्न पडला आहे: साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, ओढणी हे ठीक, पण गडद रंग आणि चित्रविचित्र प्रिंट गेले, मग आता कशात बारीक दिसायचं? गडद रंगात नेमकं काय होतं ते समजून घेतलं की ही काळजी कमी होईल. कापड कुठे ताणलं किंवा कुठे गोळा झालं की चुणी पडते, आणि चुणीची सावली पडते. काळ्या कापडावर ती सावली दिसत नाही. पिस्ता किंवा मोतिया रंगावर प्रत्येक सावली दिसते. तुमचे काळे कुर्तेही असेच उतरलेले होते. फक्त ते कुणाला दिसत नव्हतं. म्हणून फिकट रंग घालायचा तर बेतणं नीट हवं, आणि बेतणं नीट असेल तर फिकट रंगात काहीही वावगं दिसत नाही.

'उभ्या रेषांनी बारीक दिसतं, आडव्यांनी जाड' हेही आपण सगळ्याजणी ऐकत आलो आहोत. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उभ्या रेषांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद वाटतो. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या आकृत्यांवर हे तपासलं, तेव्हाही आडव्या रेषांनी माणूस जाड दिसतो असं आढळलं नाही. तेव्हा बारीक आडव्या रेघांचं हातमागाचं कापड आवडलं तर जरूर घ्या. रेषेपेक्षा कपडा अंगावर कुठे संपतो याने कितीतरी जास्त फरक पडतो. त्याकडे येतेच.

त्याआधी एक नाजूक गोष्ट. तुमच्या पत्रात 'झाकणं' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ 'सैल' असा आहे. पण सैल कपडा अंग झाकतोच असं नाही. सैल गळा वाकल्यावर उघडा पडतो. सैल मुंढ्यातून हात वर केल्यावर आतलं दिसतं. सैल कुर्ता छातीच्या टोकावरून सरळ खाली लोंबतो आणि पोट नाही तिथेही पोट दाखवतो. लेकीला गाऊन दिसला तो यामुळे. वर्गात मुलांच्या वह्या पाहायला दहादा वाकावं लागतं, खाली बसावं लागतं. तिथे कपडा जागच्या जागी राहतो की नाही, हीच शालीनतेची खरी परीक्षा. त्यासाठी खांद्यावर आणि गळ्याशी कपडा अंगाबरोबर हवा, आणि छाती, पोट, सीट इथे मोजून ठेवलेली मोकळीक हवी.

म्हणून सुरुवात टेपपासून करू. एक महत्त्वाचं माप तुम्ही पाठवलेलं नाही, ते म्हणजे वरची छाती. काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून टेप फिरवून घ्या. तुमचं ते ३९ ते ४०च्या आसपास असावं. पूर्ण छाती आणि वरची छाती यांत तीन-चार इंचांचा फरक असेल, तर टेलरने खांदा, गळा आणि मुंढा वरच्या छातीप्रमाणे कापायचा आणि जादा जागा फक्त उभाराला द्यायची. हे माप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि भरलेल्या छातीच्या बायकांचे कपडे बिघडतात ते इथेच. दुसरं माप बसून घ्या. खुर्चीत बसून पोटाच्या सर्वांत रुंद भागावरून आणि सीटवरून टेप फिरवा. बसल्यावर माप दोन-तीन इंचांनी वाढतं. तिसरं, टक्स पॉइंट: गळ्याजवळच्या खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर. ही सगळी मापं रोज जी ब्रा घालता ती घालून, श्वास न रोखता घ्या.

ब्राचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट लिहिते, कारण यावर संकोचाने कुणी बोलत नाही. वजन पेलायचं काम छातीखालच्या पट्ट्याचं असतं, खांद्यावरच्या पट्ट्यांचं नाही. आरशात पाठ पाहा. मागचा पट्टा वर सरकलेला दिसत असेल तर तो सैल आहे आणि सगळं वजन खांद्यांवर आलं आहे. पट्टा समोर आणि मागे एकाच रेषेत, जमिनीला समांतर हवा. नवी घेताना ती सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे ताण गेला की आतले हुक वापरता येतात. हे एक नीट झालं की छाती आणि कंबर यांच्यात मोकळी जागा दिसू लागते. कोणताही कुर्ता त्याच्याशिवाय नीट बसणार नाही.

आता कुर्ता शिवून घेताना टेलरला काय सांगायचं ते पाहू. खांदा साडेचौदा, त्याहून जास्त नको. शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे. छातीला ४३ वर तीन इंच मोकळीक, म्हणजे तयार कुर्ता ४६. पोटाला आणि सीटला बसून घेतलेल्या मापावर दोन इंच. पुढचा भाग मागच्यापेक्षा इंचभर लांब कापायला सांगा, कारण भरलेली छाती कापड वर उचलते आणि मग कुर्ता पुढून आखूड, मागून लांब दिसतो. प्रिन्सेस कट (छातीवरून खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या शिवणींचा) तुम्हाला सगळ्यात सोयीचा, कारण त्यात उभाराला जागा देऊनही खांदा तेवढाच ठेवता येतो. साधा टक्स (उभाराला आकार द्यायला घातलेली टोकदार चिमटी) घेतलात तर त्याचं टोक छातीच्या टोकाच्या दीड-दोन इंच अलीकडे थांबायला हवं. टोकापर्यंत नेला की तिथे शंकूसारखं टोक येतं, आणि मग ते लपवायला ओढणीला पिना लागतात.

मुंढ्याबद्दल टेलरशी थोडा वाद होईल, तयारी ठेवा. "दंड जाड आहेत, मुंढा मोठा ठेवतो" असं ते म्हणतील. नको म्हणा. मुंढा खाली उतरला की बाही थेट कुर्त्याच्या बाजूला जोडली जाते आणि हात वर गेला की सगळा कुर्ता बरोबर घेऊन जाते. फळ्यावर लिहिताना तुमचं हेच होतं. मुंढा काखेखाली जेमतेम इंचभर असावा आणि रुंदी बाहीत द्यावी: दंड १५, तर बाही १७. बाहीची लांबी कोपराच्या थोडी वर किंवा पाऊण बाही ठेवा. आखूड बाहीची किनार छातीच्या बरोबर रेषेत येते, आणि छाती, दंड मिळून एक लांब आडवी पट्टी दिसते.

गळ्याची खोली सहा इंचांपर्यंत चालेल. व्ही किंवा चौकोनी गळा तुम्हाला शोभेल, कारण भरलेल्या छातीवर अगदी बंद गळा घेतला की गळ्यापासून पोटापर्यंत एकसलग मोठा पृष्ठभाग होतो. गळा झुकतो तो बहुधा खोलीमुळे नाही, रुंदीमुळे. मागचा गळा तीन इंचांपेक्षा खोल नको. पुढचा आणि मागचा दोन्ही मोठे असले की खांदा धरून ठेवायला काही उरत नाही. समोर बटणं असतील तर एक बटण बरोबर छातीच्या टोकांच्या रेषेत आलं पाहिजे. बाकीची त्यावरून वर-खाली मोजावीत. ते चुकलं की दोन बटणांमध्ये फट पडते.

लांबी. दुकानातले कुर्ते ४४ ते ४६ इंच असतात. तुमच्या उंचीला ते घोट्यांच्या जवळ पोचतात आणि तुमचे बारीक पाय, जे बघायला छान आहेत, ते पूर्ण गडप होतात. गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन इंचांवर थांबा, म्हणजे साधारण ३६ ते ३७ इंच. तिथे पाय अरुंद असतो. पोटरीच्या मध्यावर, जिथे पाय सगळ्यात रुंद, तिथे कुर्ता संपवू नका. बाजूचे कट सीटच्या खाली सुरू व्हावेत आणि कटाच्या टोकाला आतून छोटी पट्टी लावून घ्या, नाहीतर बसता-उठता तिथूनच उसवतं. स्कूटीवर वारा लागून पुढचा भाग उडत असेल तर कळीदार (खाली रुंद होणाऱ्या कळ्या जोडलेला) कुर्ता शिवा, त्याला कटच नसतात. खालचा घेर मात्र गुडघे फाकवून मोकळं बसता येईल एवढा ठेवा.

खाली सरळ पँट किंवा चुडीदार, कुर्त्याच्याच रंगाची. कुर्ता आणि सलवार एका रंगाची आणि ओढणी वेगळ्या रंगाची असली की उंची सलग दिसते, मग रंग आबोली असो की आकाशी. पतियाळा किंवा खूप चुण्यांची सलवार तुमच्या उंचीला घेऊ नका. ओढणी मलमलची, अंगाशी बसणारी. कडक कांजीची ओढणी छातीवर आणखी दोन इंच वाढवते.

फिकट कापडाची खरी अडचण आरपार दिसण्याची असते. दुकानात कापडाखाली हात धरून उजेडात पाहा. बोटं मोजता आली तर अस्तर हवं. अस्तराला पातळ मलमल किंवा कॅम्ब्रिक घ्या, सिंथेटिक अस्तर घाम धरतं आणि पायाला चिकटतं. आत पांढरी स्लिप घालू नका. फिकट कापडाखाली पांढरा रंग उठून दिसतो, त्वचेच्या रंगाची स्लिप दिसत नाही. कुर्त्याचं कापड आणि अस्तर दोन्ही शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे द्या. सुती कापड आणि रेयॉन पहिल्या धुण्यात आटतं. अस्तर वेगळं आटलं की कुर्त्याला आतून ओढ बसते आणि दोष तुम्ही पोटाला देता. ४४ इंच पन्ह्याचं कापड पाऊण बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर लागेल. बाजूच्या शिवणींत इंचभर माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) ठेवायला आवर्जून सांगा.

एकदम पाच शिवू नका. एक शिवा, तोही स्वस्त कापडाचा. घालून आरशासमोर नुसतं उभं राहू नका. फळ्यावर लिहितो तसा हात वर करा, वाकून जमिनीवरचा खडू उचला, मांडी घालून बसा, दोन्ही हात पुढे करून हँडल धरल्यासारखं करा. मग चुण्या वाचा. आडव्या चुण्या म्हणजे तिथे कापड कमी आहे. वरून खाली लोंबणाऱ्या उभ्या चुण्या म्हणजे जास्त आहे. तिरकी चुणी ज्या जागेकडे बोट दाखवते ती जागा आवळते आहे. काखेकडून छातीकडे तिरकी गेली तर उभाराला जागा कमी पडली. पाठीवर कंबरेच्या वर कापड गोळा झालं तर सीट घट्ट आहे, ती मोकळी केली की पाठ आपोआप सरळ होईल. बाजूचे कट उभं असतानाच उलट्या व्हीसारखे फाकले, तर पोट किंवा सीट यांपैकी एकाला माया सोडावी लागेल. हे एकदा डोळ्यांना कळलं की दुकानातल्या ट्रायल रूममध्ये दोन मिनिटांत निर्णय होतो. पहिला कुर्ता बरोबर बसला की तोच टेलरकडे नमुना म्हणून ठेवा.

साडीचा पर्याय सोडून द्यायचा नाहीच. कार्यक्रमाच्या दिवशी, किंवा जेव्हा मनात येईल तेव्हा नेसा. परकराच्या नाडीची गाठ बेंबीवर बांधत असाल तर ती कुशीकडे न्या. निऱ्यांच्या खाली गाठीचा उंचवटा आला की पोट दिसतं त्याहून मोठं दिसतं. निऱ्या पाच-सहाच, पण सहा इंच रुंद घ्या, आणि त्या बेंबीच्या किंचित डावीकडे खोचा. ब्लाउज १५ इंच लांब आणि कटोरी किंवा प्रिन्सेस कटचा, मुंढ्याचा नियम तोच. काठ दोन-तीन इंचांचा असेल तर उंची तुटत नाही. जॉर्जेट अंगाला चिकटतं, नवी कडक सुती साडी फुगते, दोन-चार वेळा धुतलेली मऊ सुती किंवा माहेश्वरी साडी दोन्हींच्या मध्ये बसते.

ज्यांची ठेवण ताईंपेक्षा वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. सीट भरलेली आणि छाती लहान असेल तर रेडिमेड कपडा छातीच्या मापाने घ्या आणि कळीदार घ्या, म्हणजे सीटला घेर आपोआप मिळतो. सरळ कुर्ताच हवा असेल तर सीटच्या मापाने घेऊन वरचा भाग आत घ्यावा लागेल. अंग अगदी किरकोळ असेल तर ढगळ कपड्यापेक्षा खांद्याला नेमका आणि कापडाने थोडा जाड कपडा घ्या. सफरचंद, नासपती असे आकारांचे तक्ते पाहून मात्र स्वतःला नाव देत बसू नका. बहुतेकींचं शरीर कुठल्याच एका फळात बसत नाही. टेपवरचे आकडे तुमचे स्वतःचे असतात, त्यांवर विसंबा.

सहकाऱ्यांच्या बोलण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते तीनदा आलं आहे. त्यांनी उतरलेल्या खांद्याचा कुर्ता पाहिला आणि 'शोभत नाही' म्हणाल्या. तुम्ही ते 'माझं शरीर शोभत नाही' असं ऐकलंत. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. कुणीच बोट ठेवणार नाही असा कपडा मी सुचवू शकत नाही, तसा तो नसतोच. पण दिवसभरात एकदाही सावरावा लागणार नाही असा कपडा तुम्हाला नक्की मिळू शकतो, आणि तो मिळाला की असं बोलणं आलं तरी तुमचा हात आपोआप ओढणीकडे जाणार नाही.

कपाटातल्या डबल एक्सएल कुर्त्यांचं काय, हाही तुमचा प्रश्न होता. गडद असल्याने ते शाळेत चालणार नाहीत, पण घरी आणि बाजारात चालतील. त्यांतले सुती कुर्ते निवडा. टेलरला बाही उसवून खांदा प्रत्येक बाजूने पाऊण ते एक इंच आत घ्यायला आणि मुंढा वर उचलून बाही परत बसवायला सांगा. मुंढा वर उचलायला शिवणीत माया लागते, ती आहे का ते आधी उलटं करून पाहा. लांबी ३७वर कापून निघालेल्या पट्टीतून मागच्या गळ्याला पट्टी लावून तो लहान करता येईल. रेयॉनचे आणि ज्यांचे गळे फार रुंद आहेत ते कुर्ते दुरुस्तीला देऊ नका, मजुरी वाया जाईल.